घरावरील नोटीस आणि हक्काचा वकील



एखाद्या कुटुंबाचे घर लिलावात जाते त्या दिवशी सारी वस्ती गोळा होते. बायका रडतात, तरुण संतापतात, पुढारी इकडे तिकडे फोन करतात, कोणी घोषणाही देतो. परंतु त्या दिवशी करण्यासारखे फारच थोडे उरलेले असते. पुष्कळ काही करता आले असते ते सहा-आठ महिन्यांपूर्वी, पोस्टमनने पहिले पाकीट आणून दिले तेव्हा. ते पाकीट कोठे आहे असे विचारले तर बहुधा उत्तर मिळते की ट्रंकेत, कपड्यांच्या घडीखाली आहे, फोडलेले नाही. कित्येकांनी तर ते घेतलेलेच नसते. ‘घेतले नाही म्हणजे बजावणी झाली नाही’ असा कोणा शहाण्याने दिलेला सल्ला मानून त्यांनी ते परत पाठविलेले असते. नाकारलेली नोटीस कायद्याच्या दृष्टीने पोचलेलीच समजली जाऊ शकते, आणि कर्जवसुलीच्या नोटिशी दारावर चिकटवून व वर्तमानपत्रात छापूनही बजावता येतात, हे त्या शहाण्याला ठाऊक नसते. या न फोडलेल्या पाकिटाविषयी आज आम्हांस आपणांशी बोलावयाचे आहे.

गावकुसाबाहेर, दुसऱ्याने दाखविलेल्या जागी आणि दुसऱ्याच्या मर्जीने ज्यांच्या कित्येक पिढ्या राहिल्या, त्या समाजातील माणसाने स्वतःच्या नावाच्या जागेवर चार भिंती उभ्या करणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात असे घर ही पहिलीच मिळकत आहे. त्यामागे कोणाचा भविष्य निर्वाह निधी आहे, कोणाच्या पत्नीचे दागिने आहेत, कोणाच्या मुलाची पहिल्या नोकरीची पाच वर्षे आहेत. आणि नेमके हेच घर आज पूर्वीपेक्षा अधिक सहजतेने गहाण पडू शकते. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरमालकास मिळकत पत्रिका द्यावयाची असे तिचे स्वरूप आहे. ज्यांच्या घराला आजवर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवाचून दुसरा पुरावा नव्हता, त्यांच्या हाती नकाशासह कागद आला, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु त्या पत्रिकेवर कर्ज मिळावे हा योजनेचा एक जाहीर हेतूच आहे. ज्या कागदावर कर्ज मिळते त्याच कागदावर जप्तीही येते. पत्रिका हाती पडताच कर्ज देणाऱ्यांचे प्रतिनिधी दारी येतील. त्यांच्याशी बोलण्यापूर्वी पुढील गोष्टी आपण जाणून घ्याव्यात अशी आमची विनंती आहे.

एक गोष्ट प्रथमच सांगून टाकतो. घेतलेले कर्ज बुडवावे असे आम्ही सुचवीत नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थाची जी सुखे सांगितली त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख गणलेले आहे. देणे आहे ते दिलेच पाहिजे. परंतु किती द्यावयाचे, कोणत्या हिशेबाने, किती हप्त्यांत, आणि धनकोने आपली वसुली कोणत्या मार्गाने करावयाची, हे प्रश्न कायद्याचे आहेत. त्यांचे उत्तर एकट्या धनकोने ठरवावयाचे नाही. वकील कर्ज नाहीसे करीत नाही. तो हिशेब तपासून घेतो, मुदत मिळवितो, तडजोडीला रूप देतो, आणि बेकायदा पाऊल पडले असेल तेथे ते अडवितो. पुष्कळ घरे एवढ्याने वाचतात.

नोटीस आली की पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा: ही कोणाची आहे आणि कोणत्या कायद्याखाली आहे? आपले लोक येथेच चुकतात, आणि चुकीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यात मुदत निघून जाते.

बँक असेल, सहकारी बँक असेल किंवा गृहकर्ज देणारी कंपनी असेल, तर बहुधा ती २००२ च्या कायद्याखाली येते. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. लोक त्याला ‘सरफेसी’ म्हणतात. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही हा वाद आपल्याच महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० साली न्यायालयाने तो लागू असल्याचा निर्णय दिला. या कायद्याची खरी धार अशी की तारण ठेवलेल्या घराचा ताबा घेण्यासाठी धनकोला आधी दिवाणी दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागत नाही. साधारणतः नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर साठ दिवसांची नोटीस येते. तीत किती रक्कम येणे आहे व कोणती मिळकत तारण आहे याचा तपशील असावाच लागतो. हे साठ दिवस मुकाट्याने काढावयाचे नसतात. या काळात ऋणकोने लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांत तिला सकारण उत्तर देणे धनकोवर बंधनकारक आहे. हिशेब चुकीचा आहे, भरलेले हप्ते जमा दाखविलेले नाहीत, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढविले आहे, नोकरी सुटल्यामुळे हप्ते लहान करून हवेत, जे काही म्हणणे असेल ते येथेच लिहून द्यावे. दंडाच्या रकमेवर चक्रवाढ करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२३ साली स्पष्टपणे बजावलेले आहे. तोंडी विनवण्या शंभर वेळा केल्या तरी त्यांची नोंद कोठे राहात नाही. एक अर्ज आणि त्याची पोच राहते.

साठ दिवसांनंतर ताब्याची कारवाई होते. जिल्हाधिकारी वा दंडाधिकारी यांची मदत घेऊन कुलूप लावले जाते. अशी कारवाई झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ही न्यायाधिकरणे महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे आहेत. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सामान्यतः या बाबींवर दावा चालत नाही. किती कुटुंबांनी तालुक्यात मनाई हुकमाचा अर्ज देऊन तो फेटाळला जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग न्यायाधिकरणाची मुदत संपली असे त्यांस कळले! नोटिशीच्या पाकिटावरील टपालाचा शिक्का, दारावर कागद लावल्याची तारीख, वर्तमानपत्राचे कात्रण ही सर्व जपून ठेवावयाची ती याचसाठी. मुदत त्यांवरून मोजली जाते.

पूर्वी या न्यायाधिकरणापुढे तोंड उघडण्यासाठीही येणे रकमेच्या पंचाहत्तर टक्के आधी भरावे लागत. ज्याच्याजवळ तेवढी रक्कम असती त्याचे घर कशाला गेले असते? २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवून रद्द केली. आज पहिल्या पायरीवर अशी अनामत लागत नाही. परंतु तेथे हरल्यावर अपिलात जावयाचे तर निम्मी रक्कम भरावी लागते. फार तर ती पाव हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. गरीब माणसाला रकमेवाचून बोलण्याची संधी कायद्याने पहिल्या पायरीवरच ठेवली आहे. ती दवडली की पुढचे दार पैसेवाल्यापुरते उघडे राहते.

पतसंस्थांचा प्रकार निराळा आहे, परंतु गोष्ट हीच. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली होते. निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतो आणि त्या दाखल्यावर वसुली अधिकारी जप्ती व लिलाव करतो. दाखला देण्यापूर्वी ऋणकोला व जामीनदारालाही नोटीस येते. त्या तारखेस हजर राहून कैफियत देण्यास एक पैसाही भरावा लागत नाही. दाखला निघाल्यावर मात्र त्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करावयाचा तर येणे रकमेच्या पन्नास टक्के संस्थेकडे आधी भरावे लागतात. जामीनदारांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. ‘मी फक्त सही केली होती’ हे उत्तर कोठेही चालत नाही. जामीनदार हा कायद्याने ऋणकोइतकाच बांधलेला असतो. मित्राच्या आग्रहास्तव चहाच्या टपरीवर बसून केलेल्या सहीने स्वतःचे घर धोक्यात आलेली माणसे थोडीथोडकी नाहीत.

आता तिसऱ्या धनकोकडे वळू. त्याच्या हातून जाणाऱ्या घरांची दाद बहुधा कोणत्याही कचेरीपर्यंत पोचत नाही. तो म्हणजे गावचा किंवा पेठेतला खाजगी सावकार.

आजारपण येते, मुलीचे लग्न निघते, मुलाच्या शिक्षणाची फी भरावयाची असते. सावकार म्हणतो, ‘गहाणखताची भानगड नको, नावापुरते खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की उलट खरेदी करून देतो.’ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा उठतो, फोटो निघतो, आणि दोन लाखांच्या कर्जासाठी दहा लाखांचे घर कागदोपत्री विकले जाते. व्याज भरणे चालूच असते, त्याची पावती कधीच मिळत नाही. मग एके दिवशी सावकाराचा वकील पत्र पाठवितो की घर माझ्या पक्षकाराचे असून आपण त्यात भाडेकरू म्हणून, किंवा अतिक्रमण करून, राहात आहात.

अशा वेळी आपल्या माणसाची समजूत होते की सही केली, रजिस्टर झाले, आता सारे संपले. तसे नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा याच फसवणुकीसाठी केलेला कायदा आहे. सावकारीच्या व्यवहारात, विक्री, गहाण, भाडेपट्टा वा अन्य कोणत्याही नावाने, एखादी स्थावर मिळकत सावकाराकडे गेली आहे असे आढळले, तर जिल्हा निबंधक, म्हणजे व्यवहारात सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक, चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि मिळकत ऋणकोस परत देण्याचा आदेश देऊ शकतात. कलम १८ मध्ये ही तरतूद आहे. कायद्याने यास मुदत घातली आहे, म्हणून व्यवहार जुना झाला असेल तर एक दिवसही थांबू नये. परवान्यावाचून सावकारी करणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते.

पुरावा काय द्यावयाचा, हा प्रश्न येतो. रजिस्टर दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही अशी भीती घातली जाते. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या महाराष्ट्रातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रकार होता: कर्ज घेणाऱ्या बाईकडून खरेदीखत आणि त्याच्या जोडीला भाडेचिठ्ठी करून घेतलेली होती. दस्त हा केवळ देखावा होता, विक्री करण्याचा हेतूच नव्हता, हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. घराचा ताबा आजही आपलाच आहे, वीजबिल व घरपट्टी आपणच भरतो, दस्तातील किंमत बाजारभावाच्या कितीतरी खाली आहे, सावकाराच्या खात्यात दर महिन्यास ठराविक रक्कम गेलेली आहे, त्याने शेजारच्या आणखी चार घरांचे असेच दस्त करून घेतले आहेत: या साध्या गोष्टी एकत्र मांडल्या की खरा व्यवहार उघडा पडतो. त्या मांडाव्या कशा हे जाणणारा माणूस मात्र पाहिजे.

तो माणूस मिळणे हा आपला हक्क आहे. आजच्या लेखाचा मुख्य मुद्दा आम्ही हाच समजतो.

भारतीय संविधानात १९७६ साली कलम ३९-अ घालण्यात आले. आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकास न्याय नाकारला जाऊ नये यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे असे ते सांगते. त्यासाठी १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणास मिळेल याची यादी आहे. त्या यादीत पहिलेच स्थान अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींस आहे. पुढे स्त्रिया व बालके आहेत, अपंग आहेत, आपत्तीत वा जातीय अत्याचारात सापडलेले आहेत, कामगार आहेत. या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा पाहिली जाते ती यांच्यात न बसणाऱ्यांसाठी. अर्जदाराच्या म्हणण्यात सकृद्दर्शनी तथ्य असावे, एवढी अपेक्षा मात्र सर्वांकडूनच आहे. हे साहाय्य फौजदारी खटल्यांपुरतेच असते ही समजूतही चुकीची आहे. कायद्यातील ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत न्यायाधिकरणे व न्यायिक स्वरूपाचे काम करणारी इतर प्राधिकरणे येतात. म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणापुढेही, आणि सावकारी प्रकरणाच्या चौकशीतही, हे साहाय्य मागता येते. नुसता सल्लाही मागता येतो. नोटीस वाचून तिचा अर्थ सांगा, एवढेच मागणे असले तरी ते रास्त आहे.

येथे नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एक शंका दूर करणे अवश्य आहे. ‘आम्ही धम्म स्वीकारला, आता अनुसूचित जातीचा हक्क गेला काय?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात, आणि कचेरीतील एखादा कारकून ‘होय, गेला’ असे सांगून मोकळाही होतो. ही शंका निराधार नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हिंदू धर्माबाहेर गेलेल्यास अनुसूचित जातीचा समजत नसत. १९५६ साली त्यात शीख समाविष्ट झाले, परंतु त्याच वर्षी नागपुरास दीक्षा घेतलेल्या लक्षावधी बौद्धांना केंद्राच्या यादीत यावयास १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. महाराष्ट्र राज्याने स्वतःच्या सवलती नवबौद्धांस त्याआधीच लागू केल्या होत्या. १९९० च्या दुरुस्तीने हिंदू, शीख किंवा बौद्ध अशी स्पष्ट शब्दयोजना झाली. तेव्हा मूळच्या अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा हा हक्क आज अबाधित आहे. दाखल्यावर मूळ जात व धर्मांतर यांचा उल्लेख योग्य रीतीने असला पाहिजे, एवढी दक्षता घ्यावी. घरासाठी वकील मिळावा म्हणून कागदावर पुन्हा ‘हिंदू’ लिहिण्याचे काहीएक कारण नाही. आणि दाखला अजून निघाला नसेल, तर घरातील स्त्रीने अर्ज करावा. घर तिच्या नावे असेल, किंवा सहकर्जदार म्हणून तिची सही असेल, तर तिला जातीचा आणि उत्पन्नाचा, कोणताच दाखला मागता येत नाही; ती स्त्री आहे एवढे पुरे आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. कोर्ट फी, नकला, वकिलाची फी यांचा भार प्राधिकरण उचलते, आणि नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यावयाची नसते.

आम्ही हे चित्र रंगवून सांगत नाही. नेमलेला वकील तारखेस येत नाही, फोन उचलत नाही, किंवा त्याने हा विशिष्ट कायदा कधी हाताळलेलाच नसतो, अशा तक्रारी आमच्या कानी येतात आणि त्या पुष्कळदा खऱ्या असतात. सरकार त्यास जे मानधन देते ते बँकेच्या वकिलाच्या फीपुढे फार तुटपुंजे असते, हेही त्यामागचे एक कारण आहे. पण म्हणून हक्क सोडून द्यावयाचा नाही. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून वकील बदलून मागता येतो. नेमलेल्या वकिलांच्या कामावर देखरेख करण्यासाठी समिती असावी असे २०१० च्या नियमांतच सांगितले आहे. फुकटचे आहे म्हणून जसे मिळेल तसे घ्यावे, ही दानधर्माची भाषा झाली. हे दान नव्हे. ज्या बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली आणि गरीब पक्षकारांची कामे हाती घेतली, त्यांच्या अनुयायांनी तरी वकिलापुढे हात जोडून उभे राहू नये. खुर्ची ओढून बसावे आणि आपले कागद समोर ठेवावेत.

लोकअदालतीविषयी एक सावधगिरीची सूचना. तेथे तडजोड झाली की खर्च वाचतो, व्याजात सूट मिळते, पुष्कळदा ती हिताचीच असते. परंतु लोकअदालतीच्या निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. दरमहा आठ हजार भरीन असे भिडेपोटी कबूल करून सही केली, आणि घरात येणारे एकूण उत्पन्नच बारा हजार असले, तर तीन महिन्यांत तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो. तेव्हा सही करण्यापूर्वी घरी येऊन पत्नीबरोबर हिशेब मांडावा. घरातील खर्चाचा खरा आकडा बहुधा तिलाच ठाऊक असतो.

ज्यांनी घर तारण ठेवलेलेच नाही त्यांनाही घाबरविले जाते. बचतगटाच्या किंवा छोट्या कर्जाच्या वसुलीस आलेला माणूस ‘घराला कुलूप लावू’ असे म्हणतो. तारण नसेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावाचून त्याला घरास हात लावता येत नाही. आणि हुकूमनामा मिळाला तरी शेतकरी, मजूर व घरकाम करणारे नोकर यांचे राहते घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये जप्तीतून वगळलेले आहे. आपण स्वतःच गहाण ठेवलेल्या घरास मात्र हे संरक्षण नाही. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करून छळू नये असेही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत, आणि धनकोच्या कसुरीने उशीर झाला तर दर दिवसास पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते, हे २०२३ चे फर्मान तर पुष्कळांनी ऐकलेलेही नाही.

घर धनकोच्याच हातून जाते असे नाही. सेवा करू म्हणून मुलाने वा पुतण्याने बक्षीसपत्र लिहून घेतले आणि मग म्हाताऱ्या आईबापांस ओसरीवर काढले, अशी प्रकरणे आपल्यातही आहेत. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ अन्वये रद्द करून मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच लिहून घ्यावी. आणि जातीच्या जोरावर कोणी आपणांस घरातून वा जागेतून हुसकावीत असेल, तर ते अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्याचे प्रकरण आहे. तेथे दिवाणी वाद म्हणून परत पाठविणाऱ्या पोलीस ठाण्याचे ऐकून घरी येऊ नये, आणि त्यासाठीही वकील मागावा.

आता आमच्या विहार समित्यांना व महिला मंडळांना एक सूचना. वंदनेनंतर रविवारी एक तास विहारात कागद वाचून दाखविण्यासाठी ठेवावा. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवकांच्या यादीत नाव नोंदवावे. त्यांना तेथे प्रशिक्षण मिळते, आणि न्यायालयाच्या आवाराची भीतीही मोडते. ज्यास नोटीस आली त्याची चर्चा वस्तीभर होऊ नये, ही काळजी मात्र समितीने कसोशीने घेतली पाहिजे. पाकीट न फोडण्यामागे अज्ञानापेक्षा लाजच अधिक असते, आणि एकाची नाचक्की झाली की पुढचे दहा जण आपली पाकिटे लपवितात. कार्यालयात जाताना कर्जाचा करार, खातेउतारा, आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासह, मिळकत पत्रिका अथवा आठ-अ चा उतारा, हप्त्यांच्या पावत्या आणि जातीचा दाखला असेल तर तो, एवढे न्यावे. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नयेत. नकला द्याव्यात व त्यांवर पोच घ्यावी. एकटे जाऊ नये. समितीने एक वही ठेवून तीत कोणाची तारीख केव्हा आहे ते लिहावे, आणि त्या तारखेस सोबत कोण जाणार त्याचे नावही त्याच ओळीत लिहावे.